यजमान कोण, पाहुणा कोण? अर्नी डिंगो यांची कहाणी

१/
पर्थ, १९७६. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या या राजधानीत कला महोत्सव भरला होता आणि त्यासाठी माओरी कलावंतांचा एक संघ आला होता. माओरींमध्ये 'पोफिरी' नावाचा स्वागतविधी आहे. पाहुणे दाराशी आले की त्या भूमीच्या माणसांनी त्यांना सामोरे जावे, पूर्वजांचे स्मरण करावे, त्यांना आत घ्यावे. पुढचे सारे त्यानंतर. त्यामुळे पर्थमध्ये एक वरवर साधा प्रश्न उभा राहिला: या शहराच्या वतीने पाहुण्यांचे स्वागत करणारा यजमान कोण? (थ्रेड)

२/
उत्तर घेऊन पुढे आले ते दोन तरुण मूलनिवासी, रिचर्ड वॉली आणि अर्नी डिंगो. पाहुण्यांच्या रिवाजाला साजेसा, पण आपल्या संस्कृतीतून घडवलेला स्वागताचा एक छोटा विधी त्यांनी रचला. आज ऑस्ट्रेलियात संसदेच्या अधिवेशनापासून फुटबॉलच्या सामन्यापर्यंत जो 'वेलकम टू कंट्री' विधी होतो, त्याच्या आधुनिक रूपाच्या आरंभकथेत हा प्रसंग हटकून येतो. आणि त्या दोघांतील धाकटा तरुण पुढे अभिनेता, विनोदवीर आणि दूरचित्रवाणीवरचा लाडका सूत्रसंचालक म्हणून घराघरांत पोहोचला.

३/
इंग्रजीत सूत्रसंचालकाला 'होस्ट' म्हणतात. होस्ट म्हणजे यजमान. डिंगो यांची कारकीर्द वरकरणी विस्कळीत दिसते: नाटक, चित्रपट, विनोदी मालिका, प्रवासाचे कार्यक्रम. परंतु ती या एका शब्दाच्या उजेडात पाहिली, तर तिच्यातून ऑस्ट्रेलियाच्या इतिहासातील सर्वांत अवघड प्रश्न सरळ रेषेत जाताना दिसतो. हजारो वर्षे ज्यांचे वास्तव्य, त्यांना स्वतःच्याच घरात यजमानपण मिळवण्यासाठी काय काय करावे लागले?

४/
डिंगो यांचा जन्म ३१ जुलै १९५६ चा, बुलार्डू स्टेशनवरचा. हे स्टेशन रेल्वेचे नव्हे. ऑस्ट्रेलियात 'स्टेशन' म्हणजे मेंढ्यांचे वा गुरांचे अवाढव्य कुरण आणि त्यावरचा मालकाचा वाडा. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या मर्चिसन भागातील यामाजी समूहात ते जन्मले. नऊ भावंडांतील दुसरे. बालपण गेले मलेवा या लहानशा गावाच्या परिसरात, पर्थपासून सुमारे साडेचारशे किलोमीटर उत्तरेला.

५/
या स्टेशनांचा इतिहास समजल्याशिवाय पुढचे काही उमगत नाही. एकोणिसाव्या शतकात वसाहतवाल्यांनी पाणवठे आणि गवताळ रान ताब्यात घेतले. ज्यांचे ते रान होते, तेच लोक तेथे गुराखी, मेंढपाळ, स्वयंपाकीण म्हणून राबू लागले. मोबदला बहुधा पीठ, चहा, साखर आणि तंबाखू एवढाच. १ मे १९४६ रोजी पिलबारा भागातील सुमारे ८०० मूलनिवासी कामगारांनी योग्य वेतनासाठी स्टेशने सोडली. त्यांचा लढा तीन वर्षे चालला. पुढे १९६० च्या दशकाच्या अखेरीस समान वेतनाचा नियम लागू होऊ लागला, तेव्हा अनेक मालकांनी वेतन देण्याऐवजी माणसांनाच हाकलले. ती कुटुंबे गावांच्या कडेला येऊन पडली.

६/
कायदा तर त्याहून कठोर होता. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या १९०५ च्या कायद्याने 'मुख्य संरक्षक' नावाच्या अधिकाऱ्याला १६ वर्षांखालील प्रत्येक मूलनिवासी मुलाचे कायदेशीर पालकत्व दिले. आईबाप जिवंत असतानाही. १९४४ च्या दुसऱ्या एका कायद्यान्वये मूलनिवासी माणसाला नागरिकत्वाचा दाखला मिळू शकत असे. अट एवढीच, की निकटच्या नात्यातले लोक वगळता आपल्या समूहाशी असलेला संबंध त्याने दोन वर्षे तोडलेला असावा. दाखला रद्दही करता येई. लोक त्याला कडवटपणे 'कुत्र्याचा बिल्ला' म्हणत. हा कायदा रद्द झाला १९७१ मध्ये. तेव्हा डिंगो चौदा-पंधरा वर्षांचे होते.

७/
आणि पर्थ? १९२७ मध्ये पर्थ शहराचा मध्यवर्ती भाग मूलनिवासींसाठी 'प्रतिबंधित क्षेत्र' म्हणून जाहीर झाला. कामाचा परवाना असल्याखेरीज त्यांनी तेथे पाऊल ठेवायचे नाही. ज्या नूंगार लोकांच्या नदीकाठावर १८२९ मध्ये हे शहर वसवले गेले, त्यांनाच त्या काठावर फिरण्यासाठी कागद दाखवावा लागे. ही बंदी उठली १९५४ मध्ये. म्हणजे वॉली आणि डिंगो यांनी पर्थमध्ये पाहुण्यांचे स्वागत केले, तेव्हा त्या बंदीला जेमतेम २२ वर्षे झाली होती. बंदी सोसलेली माणसे तेव्हा शहरात वावरत होती.

८/
२७ मे १९६७ च्या सार्वमताने चित्र काहीसे पालटले. राज्यघटनेतील मूलनिवासींना वगळणारे उल्लेख काढण्याच्या बाजूने ९०.७७ टक्के मते पडली. पण घटनेतील शब्द काढल्याने लोकांच्या मनातील प्रतिमा पुसली जात नाही. त्या प्रतिमेत मूलनिवासी माणूस एक तर लोप पावणारा प्राचीन मानव होता, नाही तर शासनापुढचा 'प्रश्न'. हसणारा, हसवणारा, घरी बोलावणारा माणूस त्या प्रतिमेत बसत नव्हता.

९/
मलेवाहून पर्थला आलेले डिंगो अभिनयाकडे वळले ते बास्केटबॉलच्या मैदानावरून. राज्यपातळीच्या स्पर्धेत खेळताना त्यांची रिचर्ड वॉलींशी गाठ पडली. या मैत्रीतून नाटक, नृत्य, कथन यांची वाट उघडली. १९७६ चा प्रसंग याच सुमाराचा. त्यातील एक बारकावा मात्र नेहमी निसटतो. वॉली नूंगार आहेत. पर्थ ही त्यांच्या लोकांची भूमी. डिंगो यामाजी आहेत. त्यांचा मुलूख उत्तरेला. म्हणजे पर्थमध्ये डिंगो स्वतःही पाहुणेच होते.

१०/
हा बारकावा किरकोळ नाही. मूलनिवासींच्या इंग्रजीत 'कंट्री' म्हणजे नकाशावरचा देश नव्हे. जमीन, पाणी, प्राणी, पूर्वज, गाणी आणि त्या साऱ्यांविषयीची कर्तव्ये मिळून जो होतो, तो मुलूख. ऑस्ट्रेलियात असे शेकडो मुलूख होते आणि प्रत्येकाची सीमा पाळली जाई. दुसऱ्याच्या मुलखात जाणारा माणूस वस्तीपासून दूर थांबे, आपण आल्याची खूण करी, आतून बोलावणे येईपर्यंत वाट पाही. स्वागत करण्याचा हक्क त्या भूमीच्या माणसाचाच. म्हणून १९७६ चे स्वागत नूंगार लोकांच्या वतीने झाले. विधी रचण्यात मदत करणाऱ्या डिंगो यांनीही तो नियम मोडला नाही.

११/
हा पहिलाच प्रसंग होता का? नाही. १९७३ मध्ये न्यू साउथ वेल्समधील निंबिन येथे विद्यार्थ्यांचा अ‍ॅक्वेरियस महोत्सव भरला, तेव्हा तेथील बंजलंग वडीलधाऱ्यांनी पाहुण्यांचे स्वागत केले होते. लेखी नोंद असलेला आधुनिक काळातील आरंभ तो मानला जातो. शेजारच्या न्यूझीलंडमध्ये १८४० चा वैतांगीचा करार होता. तो कितीही मोडला गेला असला तरी माओरींच्या हाती निदान एक कागद होता. ऑस्ट्रेलियातील ब्रिटिश राजवटीने स्थानिकांशी असा करार केलाच नाही. भूमी कुणाचीच नव्हती, असे कायद्याने गृहीत धरले. ज्या घराला मालकच नाही असे कागदोपत्री ठरले आहे, त्या घराच्या दारात उभे राहून 'या' म्हणणे, हाच मुळात एक दावा होता.

१२/
आता पडद्याकडे. १९८० च्या दशकात डिंगो चित्रपटांत दिसू लागले. ब्रूस बेरेसफर्ड यांचा 'द फ्रिंज ड्वेलर्स' (१९८६) हा गावाच्या कडेला राहणाऱ्या मूलनिवासी कुटुंबाविषयीचा चित्रपट. मलेवाच्या मुलाला ही कडा कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्यानंतर 'क्रोकोडाइल डंडी २' (१९८८). पॉल होगन यांचा डंडी हा रानाची खडान्‌खडा माहिती असलेला गोरा नायक. डिंगो त्याचा रानातला मित्र चार्ली. जगभर गाजलेल्या या चित्रपटमालिकेत भूमीचे ज्ञान नायकाच्या खाती जमा झाले आणि ज्यांचे ते ज्ञान, ते सोबतीच्या भूमिकेत राहिले. काम मिळाले, ओळख मिळाली; यजमानपण नाही.

१३/
त्याच काळातील एक भूमिका अधिक बोलकी आहे. 'टुडावाली' या दूरचित्रवाणीसाठी केलेल्या चित्रपटात डिंगो यांनी रॉबर्ट टुडावाली यांची भूमिका केली. टुडावाली हे तिवी समूहाचे. चार्ल्स शॉव्हेल यांच्या 'जेडा' (१९५५) या चित्रपटाचे नायक. ऑस्ट्रेलियात बनलेला हा पहिला रंगीत कथापट आणि मूलनिवासी कलाकारांना प्रमुख भूमिका देणारा पहिला चित्रपटही हाच. तो कान महोत्सवापर्यंत पोहोचला. नायक मात्र परतला तो डार्विनमधील हलाखीत, शासनाच्या पालकत्वाखाली. २६ जुलै १९६७ रोजी, सार्वमतानंतर अवघ्या दोन महिन्यांनी, त्यांचा मृत्यू झाला. वय चाळिशीच्याही आत.

१४/
एका मूलनिवासी नटाने आधीच्या मूलनिवासी नटाचे आयुष्य जगून दाखवणे, यात एक इशारा दडलेला आहे. पडदा माणसाला उचलतो आणि खाली ठेवतो. खाली त्याची जागा कुठे आहे, हे पडदा ठरवत नाही. टुडावालींना कॅमेऱ्याने नायक केले, पण कॅमेरा बंद झाल्यावर त्यांना कायद्याने अज्ञान मुलासारखे वागवले. डिंगो यांच्या पिढीला कायद्याचा तो फास उरला नव्हता. त्यांच्यापुढचा प्रश्न निराळा होता: एका भूमिकेपुरते बोलावले जाणे आणि घरचा माणूस म्हणून कायम स्वीकारले जाणे, यांतील अंतर कसे पार करायचे?

१५/
त्यांनी निवडलेला मार्ग विनोदाचा होता. १९९० च्या सुमारास 'फास्ट फॉरवर्ड' या अतिशय लोकप्रिय विनोदी कार्यक्रमात ते दिसू लागले. विनोदाचे राजकारण सूक्ष्म असते. ज्याच्यावर हसले जाते तो खाली असतो. जो हसवतो तो खोलीचा ताबा घेतो. तोवर ऑस्ट्रेलियन विनोदात मूलनिवासी हा बहुधा हसण्याचा विषय होता. आता तो विनोदाचा कर्ता होता. १९९० मध्येच रंगभूमी व अभिनयक्षेत्रातील सेवेसाठी त्यांना 'ऑर्डर ऑफ ऑस्ट्रेलिया' हा सन्मान मिळाला. नंतर जर्मन दिग्दर्शक विम वेंडर्स यांच्या 'अनटिल द एंड ऑफ द वर्ल्ड' (१९९१) मध्ये ते झळकले. 'हार्टलँड' (१९९४) या मालिकेत तर ते नायक होते. समोर होत्या तेव्हा नवोदित असलेल्या केट ब्लँचेट.

१६/
३ जून १९९२ रोजी ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने माबो खटल्याचा निकाल दिला. भूमी कुणाचीच नव्हती हे गृहीतक मोडीत निघाले. मूलनिवासींचा भूमीवरील पारंपरिक हक्क कायद्याला मान्य करावा लागला. १९९३ मध्ये त्यावर संसदेने कायदा केला. कुरणवाले, खाणवाले, राज्य सरकारे यांनी मोठा गहजब केला. लोकांची परसदारेही जातील, अशी भीती घातली गेली. आणि त्याच १९९३ मध्ये सेव्हन वाहिनीवर 'द ग्रेट आउटडोअर्स' हा प्रवासाचा कार्यक्रम सुरू झाला. त्याचा सर्वांत ओळखीचा चेहरा होता अर्नी डिंगो यांचा.

१७/
हा योगायोग विचार करायला लावणारा आहे. बातम्यांमध्ये मूलनिवासी म्हणजे जमीन मागणारा माणूस. तोच दूरचित्रवाणी संच थोड्या वेळाने एक मूलनिवासी माणूस दाखवी, जो हसत हसत समुद्रकिनारे, डोंगर, वाळवंटे यांची सफर घडवी. चला, आपला देश पाहू या, म्हणे. कार्यक्रम २००९ पर्यंत चालला. इतकी वर्षे लक्षावधी गोऱ्या कुटुंबांना त्यांच्याच देशाची ओळख करून देणारा यजमान एक यामाजी माणूस होता. न्यायालयात जे वादग्रस्त होते, ते दिवाणखान्यात नकळत मान्य झाले होते.

१८/
या स्वीकाराची किंमतही होती, हे मान्य करायला हवे. प्रवासाच्या कार्यक्रमात हत्याकांडे येत नाहीत. पळवून नेलेली मुले येत नाहीत. सुंदर दरीपुढे उभे राहून तेथे काय घडले हे सांगायला हलक्याफुलक्या कार्यक्रमात जागा नसते. लाडक्या माणसाकडून लोकांना हसू हवे असते, हिशेब नको असतो. डिंगो यांचे यश ऑस्ट्रेलियाच्या उदारपणाचा पुरावा म्हणून दाखवणे सोपे होते. त्यामुळेच ते काहीसे निसरडे होते. एक चेहरा दारातून आत आला म्हणजे दार सर्वांसाठी उघडले, असे होत नाही.

१९/
मात्र उत्तरायुष्यातील त्यांची कामे पाहिली, की ते या जाळ्यात अडकून राहिले नाहीत हे दिसते. रेचेल पर्किन्स यांच्या 'ब्रॅन न्यू डे' (२००९) या संगीतपटात ते अंकल टॅडपोल झाले. जिमी ची आणि त्यांच्या कुकल्स या वाद्यवृंदाने १९९० मध्ये रंगभूमीवर आणलेल्या संगीतिकेवर तो आधारलेला. मिशनऱ्यांच्या वसतिगृहातून पळालेल्या पोराला पर्थहून दूर उत्तरेला, ब्रूमला, त्याच्या घरी नेणारा हा फाटका, मद्यपी, खट्याळ म्हातारा. २०१६ पासून त्यांनी मूलनिवासींच्या एनआयटीव्ही वाहिनीसाठी 'गोइंग प्लेसेस' हा प्रवासाचा कार्यक्रम केला. प्रवास तोच, पण आता प्रत्येक ठिकाणी त्या मुलखाच्या माणसांशी संवाद. यजमान स्वतः पाहुणा होऊन दुसऱ्या यजमानांच्या दारी जाऊ लागला. दूरच्या वस्त्यांतील मूलनिवासी पुरुषांच्या आरोग्यासाठी शेकोटीभोवती बसून बोलण्याची शिबिरेही त्यांनी सुरू केली.

२०/
इकडे १९७६ चा तो छोटा विधी वाढत गेला. १२ फेब्रुवारी २००८ रोजी ऑस्ट्रेलियाच्या संसदेचे अधिवेशन प्रथमच अशा स्वागताने सुरू झाले. स्वागत केले मटिल्डा हाउस या वडीलधाऱ्या स्त्रीने. दुसऱ्याच दिवशी पंतप्रधान केव्हिन रड यांनी आईबापांपासून हिरावल्या गेलेल्या मूलनिवासी पिढ्यांची संसदेत माफी मागितली. आधी यजमानाने आत घेतले, मग पाहुण्याने चूक कबूल केली. हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

२१/
पण कथा येथे सुखाने संपत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मूलनिवासींना संसदेपुढे सल्लागार आवाज देण्याचा घटनाबदल सुमारे ६० टक्के मतदारांनी नाकारला. २५ एप्रिल २०२५ रोजी, अँझॅक दिनाच्या पहाटे, मेलबर्नच्या स्मारकावर स्वागताचे शब्द उच्चारले जात असताना काही जणांनी हुर्यो उडवली. विरोधकांचा एक आवडता युक्तिवाद असा: हा विधी प्राचीन वगैरे काही नाही, तो १९७६ मध्ये अर्नी डिंगो नावाच्या विनोदवीराने बनवला. म्हणजे ज्या कारकिर्दीने त्यांना सर्वांचे लाडके केले, तीच आता विधीला हिणवण्यासाठी वापरली जाते.

२२/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल. एरिक हॉब्सबॉम आणि टेरेन्स रेंजर यांनी १९८३ मध्ये 'परंपरेचा शोध' ही संकल्पना मांडली: प्राचीन भासणाऱ्या अनेक परंपरा प्रत्यक्षात अलीकडच्या असतात. या कसोटीवर १९७६ चा विधी नवा आहे, यात शंका नाही. पण विचारण्याचा प्रश्न वेगळा आहे. जुना विधी अखंड का राहिला नाही? मुलूख हिरावले, माणसे हाकलली, मुले नेली, शहरात शिरायलाच परवाना लावला. ज्यांनी स्वागताचा उंबरठाच ठेवला नाही, त्यांच्या वारसांनी स्वागत नवे आहे म्हणून तक्रार करावी, हा अजब न्याय झाला. सीमेवर थांबून बोलावण्याची वाट पाहण्याचा नियम जुनाच आहे. मंच, ध्वनिक्षेपक आणि प्रेक्षक तेवढे नवे.

२३/
शिवाय तो विधी एकट्या डिंगो यांचा नव्हताच. भूमी नूंगारांची, शब्द नूंगारांच्या वतीने, निमित्त माओरींचे. आणि मदतीला एक यामाजी पाहुणा. विरोधक ज्याला एका माणसाची क्लृप्ती म्हणतात, ते चार-चौघांनी एकमेकांच्या रिवाजांचा मान राखून केलेले काम होते. संस्कृती जिवंत असण्याची खूण हीच, की तिला नव्या पाहुण्यासाठी नवे शब्द सुचतात.

२४/
फेब्रुवारी २०२० मध्ये न्यायालयाने यामाजी समूहाचे भूमिहक्क मान्य केले आणि त्यासोबत एक मोठा करारही झाला. करार सुमारे ४८,००० चौरस किलोमीटर प्रदेशाचा; मलेवाचा परिसर त्यातच. १९५६ मध्ये त्या मुलखात जन्मलेले मूल कायद्याच्या लेखी शासनाच्या पालकत्वाखालचे होते. तो मुलगा पुढे नट झाला, विनोदवीर झाला, साऱ्या देशाचा निवेदक झाला. कायद्याला त्याच्या लोकांचे यजमानपण मान्य करायला ६३ वर्षे लागली. त्याने ते पर्थमध्ये, विशीही पुरी होण्याच्या सुमारास, कुणाची परवानगी न घेता वापरून दाखवले होते.

(समाप्त)